सहाशे-सोळा

परवा रात्री पुतण्याचा फोन आला. एवढ्या उशिरा तो फोन करतो तेव्हा एक तर पैसे हवे असतात, नाही तर शाबासकी. या वेळी दुसरं होतं. त्याने जुनी एमएम ५४० घेतली आहे. प्युजोच्या डिझेल इंजिनाची, पत्रा दोन ठिकाणी कुजलेला, पण चेसिस सरळ. फोटो पाठवले. आणि मग खरा प्रश्न: "काका, तेहेतीस इंची टायर टाकायचे आहेत, चार इंच लिफ्ट. मेकॅनिक म्हणतो होऊन जाईल. तुम्हाला काय वाटतं?"

मला जीप दुरुस्त करता येत नाही. पण आमच्या घरात जीपबद्दल काही विचारायचं असलं की माझ्याकडे बोट दाखवतात, कारण आबांच्या जीपच्या गोष्टी वडिलांनी शेवटच्या दोन वर्षांत मलाच सांगितल्या. पोराला म्हटलं, दोन दिवस थांब, लिहून कळवतो. लिहायला बसलो तर पत्राचा लेख झाला. लांब आहे, चहा घेऊन बसा. आणि आत्या, तू वाचत असशील तर शेवटापर्यंत वाच. मधेच फोन करू नकोस.

सुरुवात पार जन्मापासून करतो.

जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली. हलकी, चारही चाकांना ताकद असलेली टेहळणीची गाडी हवी होती, आणि नमुना ४९ दिवसांत. बँटम नावाच्या बुडायला आलेल्या छोट्या कंपनीने तो करून दाखवला. कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरने आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी मेरीलँडमधल्या होलाबर्डच्या लष्करी तळावर हजर झाली. पुढे विलीज आणि फोर्ड यांनीही आपापले नमुने आणले आणि अखेर विलीजच्या आराखड्याची गाडी दोघांनी मिळून सहा लाखांवर बनवली. बँटमच्या वाट्याला मुख्यतः जीपमागे जोडायचे ट्रेलर आले. असो. जगाची रीतच ती.

या पत्रातल्या अटी मला फार बोलक्या वाटतात. वजन १३०० पौंड (हे कुणालाच जमलं नाही, अट सैल करावी लागली). आणि उंची? पुढची काच पाडल्यावर गाडी साडेतीन फुटांच्या आत बसली पाहिजे. म्हणजे जीप मुद्दाम बुटकी केलेली गाडी आहे! झुडपामागे, बांधामागे दडता यावं, शत्रूला टोपीसुद्धा दिसू नये म्हणून. आज आपण जिला उंच करायला निघालो आहोत, तिच्या बापाने तिला ठेंगणी ठेवण्यासाठी इंच इंच वाचवला होता.

तिच्या पायात होते ६.००-१६ चे टायर. सहा इंच रुंद, सोळा इंची रिमवर बसणारे, उभे मोजले तर सुमारे २८ इंच. आपल्याकडच्या गॅरेजात याला कुणी "सहा पूर्णांक शून्य शून्य" म्हणत नाही, "सहाशे-सोळा" म्हणतात. त्यावरची नक्षीही वेगळी, पुढे जा की मागे, पकड सारखीच. चाकांमधलं आडवं अंतर सुमारे ४९ इंच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लढाई संपली आणि २ ऑक्टोबर १९४५ रोजी जे. सी. महिंद्र, के. सी. महिंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये इकडच्या पाटीवर 'मोहम्मद'च्या जागी दुसरं 'महिंद्र' आलं. सुटे भाग आणून मुंबईत विलीज जीप जोडायचं काम सुरू झालं होतं, ते पुढे परवान्याखाली इथेच बनवण्यापर्यंत गेलं. अमेरिकेत १९५३ साली निघालेली सीजे-३बी, उंच बॉनेटवाली, ती आपल्या डोळ्यांत बसलेली जीप. तहसीलदाराची, बांधकाम खात्याची, साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याची, निवडणुकीत भोंगा लावून फिरणारी, आणि म्हातारपणी सातारा-सांगलीकडे वडाप म्हणून धावणारी. नऊ माणसांच्या जागेत सोळा, आणि दोघं मागच्या पायरीवर. या सगळ्यांचे पाय एकच: सहाशे-सोळा.

आमच्या आबांची जीप मात्र त्याच्याही आधीची. लष्कराच्या डिस्पोझलमधून लिलावात निघालेली, दोन हात फिरून आलेली विलीज. आबा पाटण तालुक्यात लहानसहान कंत्राटं घ्यायचे. कोयना धरणाचं काम चालू होतं तेव्हा त्या खोऱ्यात माणसं, सिमेंट, डिझेलचे पिंप, काय वाटेल ते इकडून तिकडे न्यावं लागे. रस्ते म्हणजे बैलगाडीची चाकोरी. पावसाळ्यात लाल चिखल आणि ओढ्यात डोक्याएवढे गोटे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यानंतर आठवडाभर ती जीप झोपलीच नाही असं वडील सांगत. माणसं, घोंगड्या, धान्याची पोती. तेव्हाही सहाशे-सोळाच.

आता इथे थोडं शास्त्र सांगतो, कारण पुतण्याला ते हवंय.

चिखलात अरुंद टायर का चालतो? वरचा चिखल मऊ असतो, खाली कुठे तरी घट्ट जमीन किंवा मुरूम असतो. अरुंद चाक वरचा थर कापून खाली पोचतं आणि तिथे पाय रोवतं. आपल्या सह्याद्रीत बहुतेक जागी खाली कातळ किंवा मुरूम लागतोच, म्हणून सहाशे-सोळा इथे पिढ्यान् पिढ्या चालला. वाळूत उलटं. वाळूला तळच नाही. तिथे कापत गेलात तर अ‍ॅक्सलपर्यंत आत. तिथे तरंगावं लागतं, आणि त्यासाठी टायरचा ठसा मोठा लागतो.

पण ठसा मोठा करायला टायर मोठाच घ्यावा लागतो असं नाही. राल्फ बॅग्नोल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी १९२० आणि ३० च्या दशकांत इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड गाड्या घेऊन भटकायचा. ज्या वाळूच्या समुद्रातून गाडी जाणं अशक्य म्हणत, तिथून तो गेला. त्याच्या युक्त्यांतली एक अगदी फुकट होती: टायरमधली हवा कमी करायची. हवा कमी झाली की टायर पसरतो, ठसा लांब होतो, वाळूवरचा दाब उतरतो. १९४० मध्ये त्याने लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला तेव्हा हीच विद्या कामी आली. पुढे अमेरिकेने १९४२ मध्ये डीयूकेडब्ल्यू हा पाण्यात आणि जमिनीवर चालणारा ट्रक काढला, त्यात तर ड्रायव्हरला जागेवर बसून, चालत्या गाडीत हवा कमी-जास्त करता येई. पाण्यातून किनाऱ्यावर चढताना हवा सोडायची, कडक रस्ता लागला की भरायची.

म्हणजे पहिला धडा: पैसे खर्च करण्याआधी हवा सोडून बघा. रस्त्यावर ३० असेल तर वाळूत, गोट्यांत १८ वर आणा, हळू चालवा, आणि डांबर लागायच्या आधी पुन्हा भरा. शेवटचं विसरलात तर टायर रिममधून निघतो.

दुसरा धडा: टायर आणि लिफ्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक त्यांचं लग्न लावून टाकतात. गाडी अडते ती बहुधा पोटाखाली, अ‍ॅक्सलच्या मधे असलेल्या डिफरन्शियलच्या गोळ्यावर. तो गोळा चाकांच्या मधोमध बांधलेला. पाटे कितीही उंच करा, गोळा जमिनीपासून तेवढाच राहतो. तो वर उचलायचा एकच साधा मार्ग, मोठं चाक. आणि तेही निम्म्याने: टायर २८ चा ३३ केला, पाच इंच वाढले, तर गोळा अडीच इंच वर. मग लिफ्ट कशासाठी? मोठा टायर वळताना, खड्ड्यात जाताना मडगार्डला घासू नये म्हणून. आणि चढाला लागताना नाक, उतरताना शेपूट, मधल्या उंचवट्यावर पोट टेकू नये म्हणून. तेवढंच तिचं काम.

म्हणून क्रम असा हवा: आधी ठरवायचं की गाडी कुठे अडते. त्यावरून टायर. टायरवरून लागेल तेवढी लिफ्ट, एक इंचही जास्त नको. बहुतेक जण उलटा क्रम लावतात, आधी उंची ठरवतात.

हे कुठून आलं? लढाईनंतर अमेरिकेत उरलेल्या जीपा लोकांनी घेतल्या आणि डोंगरांत नेल्या. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉनच्या खडकाळ वाटेवर १९५३ मध्ये पहिली जीपर्स जांबोरी भरली. तिथल्या खडकांवर चालायचं म्हणून लोक टायर वाढवू लागले, पाटे अ‍ॅक्सलच्या खाली होते ते वर घेऊ लागले. यात एका फटक्यात गाडी चार-पाच इंच वर जाते. ही गरज होती. मग सत्तरच्या दशकात तिची हौस झाली. सेंट लुईसच्या बॉब चँडलरने आपल्या फोर्ड पिकअपला ४८ इंची टायर लावले, बिगफूट नाव दिलं आणि १९८१ मध्ये मोडक्या गाड्यांवरून ती चालवून दाखवली. पुढे ६६ इंचांचे टायर आले. तमाशा म्हणून उत्तम. पण रस्त्यावरच्या पोरांनी त्यातली उंची तेवढी उचलली.

आता आमच्या घरची गोष्ट. इथपर्यंत मी टाळत आलो.

१९७० च्या पावसाळ्यात आबांची जीप एका ओढ्यात गोळ्यावर टेकली ती रात्रभर अडकली. वर पाऊस, गाडीत मजुरांचे पगार. सकाळी बैल लावून काढली. आबांनी त्या दिवशी ठरवलं की गाडी उंच करायची. गावातल्या मिस्त्रीने सातशे-सोळा टायर मिळवले. साडेतीस इंचांच्या आसपास उंची, म्हणजे गोळा सव्वा इंच वर आला. पण टायर वळताना घासू लागले. मग मिस्त्रीने जादा पाटे घातले, लांब शॅकल बनवून लावले. ते पुरेना म्हणून पुन्हा लांब केले. (शॅकल चार इंचांनी लांब केलं तर गाडी दोनच इंच वर येते, हे तेव्हा कुणाला ठाऊक!) जीप पाहायला अर्धं गाव आलं होतं. आबा मिशीला पीळ देत होते. ओढा त्यानंतर ती हसत हसत पार करायची.

आणि घाटात मात्र ती आपल्या मनाने वागायची. लांब शॅकलमुळे पुढच्या अ‍ॅक्सलचा कल बदलला होता, त्यामुळे स्टिअरिंग सरळ येईना. वडील म्हणायचे, सरळ रस्त्यावरसुद्धा तिला समजावत न्यावं लागे. ब्रेक पूर्वीसारखे लागत नव्हते. मोठं चाक थांबवायला तेच जुने ड्रम कमी पडत. आबांना कुणी बोललं नाही. मिस्त्री एकदा म्हणाला होता, "आबा, उतरवू का थोडी?" आबा म्हणाले, "चालतंय की."

१९७१ च्या आषाढात अण्णाकाका ती घेऊन निघाले. वडिलांपेक्षा पाच वर्षांनी लहान, चोवीस वर्षांचे. गाडीत मागे सहा माणसं आणि वर टपावर पोती. एका डावीकडच्या उतारावरच्या वळणात रस्त्याची कड खचली. वेग फार नव्हता. मागे बसलेले सगळे सांगत, गाडी उडाली नाही, घसरली नाही, नुसती हळूच कलंडली. म्हातारं माणूस कुशीवर वळतं तशी. बाकी सगळ्यांना खरचटलं. अण्णाकाका खाली आले.

आमच्या घरात हे "पावसात घाटात अपघात झाला" एवढंच सांगितलं गेलं. काकींनाही तेवढंच. पुतण्याचा बाप तेव्हा पाळण्यात होता, त्यालाही तेवढंच. पावसाने नेलं म्हटलं की कुणाकडे बघावं लागत नाही. वडिलांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला होता, जणू आबा अजून पलीकडच्या खोलीत आहेत.

परवा मी कागदावर मांडून पाहिलं. चाकांतलं अंतर ४९ इंच, निम्मं साडेचोवीस. गाडीचा भारमध्य जमिनीपासून समजा २५ इंचांवर. तर उभी गाडी सुमारे ४४ अंश कलली की पडते. भारमध्य पाच इंचांनी वर नेला तर ३९ अंशांवरच पडते. हे उभ्या, रिकाम्या गाडीचं. त्यात वळणाचा झोक, मऊ पाट्यांचा कल, टपावरची पोती आणि मागची सहा माणसं मिळवा. खचलेली कड किती कललेली होती ते कुणी मोजलं नाही. पण ती जीप मूळच्या उंचीवर असती तर कदाचित त्या कडेवर कुरकुरत उभी राहिली असती. कदाचित. हा शब्द आबांनी पुढची अठरा वर्षं एकट्याने वागवला. ते पुन्हा कधी जीपमध्ये बसले नाहीत, एवढं आम्ही पोरांनीही पाहिलं होतं. कारण विचारायचं नसतं एवढंही कळत होतं.

न वाढवलेल्या गाड्यांवरसुद्धा हा वाद झालेला आहे. आपल्या जिप्सीची अमेरिकेतली बहीण सुझुकी सामुराई. १९८८ मध्ये तिथल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स मासिकाने ती उलटण्याचा धोका आहे म्हणून नापास केली. सुझुकीने १९९६ मध्ये दावा लावला, २००४ मध्ये तडजोड झाली. मूळ कंपनीच्या इंजिनिअरांनी बसवलेल्या उंचीवर एवढी वर्षं वाद, आणि आपण वेल्डिंगचा एक टाका मारून ती बदलतो! कायदाही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठणकावलं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच पाहील. पण कायद्याच्या धाकाने तू ऐकावंस असं मला वाटत नाही. म्हणून वरचं सगळं लिहिलं.

तर बाळा, आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

तेहेतीस नको. २८ च्या जागी ३३ म्हणजे चाक जवळपास १८ टक्के मोठं. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा तू ७१ वर असशील. चढावर इंजिन तेवढंच दमेल, ब्रेक तेवढाच उणा पडेल, पुढचे बेअरिंग आणि स्टिअरिंग बॉक्स दोन पावसाळ्यांत आवाज करायला लागतील. मग गिअरचं प्रमाण बदला, मग ब्रेक बदला... ही साखळी संपत नाही. तीस इंची घे. गोळा एक इंच वर येईल, वेगाचा फरक सात टक्क्यांच्या आसपास राहील. तेवढ्याला लिफ्ट दोन इंच पुष्कळ झाली, तीही घासत असेल तरच. नवे, नीट कमान दिलेले पाटे घाल, लांब शॅकल नको. प्रोपेलर शाफ्टचा कोन बघ, क्रॉस थरथरला तर तिथेच थांब. टपावर काही ठेवू नकोस. आणि हवा मोजायचं यंत्र घे, दोनशे-तीनशे रुपयांत येतं. सगळ्यांत जास्त उपयोग त्याचाच होईल.

२०२० ची नवी थार बघितलीस ना? तिला मुळातच सुमारे एकतीस इंचांचे टायर आहेत. पण कंपनीने चाकांतलं अंतरही वाढवलं, मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंगा दिल्या, ब्रेकही त्या मापाचे. चाक एकटं वाढत नाही, त्याच्याबरोबर सगळं वाढावं लागतं. घरातही तसंच असतं म्हणा. :)

हे सगळं चारचौघांत लिहावं का, यावर दोन दिवस घालवले. आबांना दोष द्यायला हे लिहिलेलं नाही. एक रात्र ओढ्यात अडकलेल्या माणसाला उंची हवीशी वाटणारच. मलाही वाटली असती. पण पोराने विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं?" आणि १९७० मध्ये मिस्त्रीने विचारलं होतं त्याचं उत्तर "चालतंय की" असं मिळालं होतं. तेच उत्तर मी दुसऱ्यांदा देऊ शकत नव्हतो.

गावच्या गोठ्यात, मागच्या भिंतीला, उतरवलेले दोन सहाशे-सोळा अजून टेकून आहेत. आबांनी ते विकले नाहीत, कुणाला दिलेही नाहीत. लहानपणी आम्ही त्यात बसून खेळायचो तर ओरडायचे. गणपतीत गावी ये, दाखवतो. टेप घेऊन ये, उभे मोजू.

ता.क. : लेख टाकायच्या आधी चुलतभावाला, म्हणजे पुतण्याच्या बापाला, फोन करून वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "टाक. आणि पोराला सांग, तीसच."